चुंबकवाला वायरलेस सायकल मीटर: कोणासाठी, आणि नीट बसवायचा कसा

वेग, अंतर, सरासरी आणि घड्याळ एवढंच हवं असेल तर चुंबकवाला साधा वायरलेस मीटर पुरेसा आहे. नकाशा किंवा मार्गाची नोंद हवी असेल तरच जीपीएसकडे वळा. तो दर थोड्या दिवसांनी चार्ज करावा लागतो. चुंबकवाला एका सीआर२०३२ बटण-सेलवर कित्येक महिने चालतो. बोगद्यात किंवा दाट झाडीत जीपीएसचा वेग डळमळतो, चुंबकाला तिथे काही फरक पडत नाही.

यंत्रणा अगदी साधी. चाक एकदा फिरलं की स्पोकवरचं चुंबक फोर्कवरच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या) सेन्सरसमोरून एकदा जातं, आतला स्विच क्षणभर जुळतो आणि मीटर चाकाचा घेर अंतरात मिळवतो. म्हणजे घेर चुकला की सगळंच चुकलं. ७००×२३ (७०० हे चाकाचं माप, २३ ही टायरची रुंदी मिमीमध्ये) टायरसाठी साधारण २०९६ मिमी, २५ साठी २१०५, २८ साठी २१३६. २८ च्या टायरवर २३ चा आकडा ठेवलात तर १०० किमीला सुमारे ९८ च दिसतील. तक्त्यापेक्षा मोजलेला घेर चांगला: नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून चाक सरळ रेषेत एक फेरा फिरवा, पुन्हा खूण करा. बसायचं कारण, वजनाने टायर दबतो आणि घेर थोडा कमी होतो.

खरी गडबड बसवण्यात होते. चुंबक सेन्सरवरच्या खुणेसमोरूनच गेलं पाहिजे आणि दोघांतली फट ५ मिमीच्या आत हवी. फट जास्त असेल तर चुंबक आणि सेन्सर दोन्ही हबकडे, म्हणजे चाकाच्या मध्याकडे, सरकवा. तिथे स्पोक फोर्कच्या जवळ येतात. चुंबक कुठल्या उंचीवर आहे याने वेग बदलत नाही, फेरा एकच मोजला जातो. मात्र स्वस्त ॲनालॉग (बिनकोडच्या सिग्नलवाल्या) मॉडेलचा सिग्नल जेमतेम ६०-७० सेंमी पोचतो, त्यामुळे फार खाली नेलंत तर हँडलवर शून्य दिसेल. अशा मॉडेलचा सेन्सर मागच्या चाकावर लावून उपयोग नाही.

उभ्या सायकलवर वेग दिसतोय, किंवा कमाल वेग ९० च्या पुढे? बाहेरचा सिग्नल शिरत असेल: आधी एलईडी दिवा मीटरपासून लांब करून बघा. शेजारी तसाच ॲनालॉग मीटर असेल तर त्याचाही सिग्नल शिरतो. फक्त आपल्याच सेन्सरचा सिग्नल ओळखणारं डिजिटल कोडवालं मॉडेल थोडं महाग पडतं, पण गटात चालवणाऱ्यांनी तेच घ्यावं.

चुंबक नको असेल तर हबवर रबरी पट्ट्याने बसणारे सेन्सर येतात, गार्मिन आणि वाहू दोघांचेही. ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) चालवणाऱ्यांना हेच सोयीचे, कारण पुढचं चाक तिथे फिरतच नाही. सेन्सर मागच्या हबवर लावायचा. जोडणी करताना चाक फिरवा, नाहीतर सेन्सर झोपलेलाच राहतो. मीटरला तो तरीही सापडत नसेल तर फोनचं ब्लूटूथ बंद करा: बहुतेक वेळा एखाद्या ॲपने तो आधीच पकडलेला असतो.

सेल बदलण्याआधी घेर आणि एकूण अंतर लिहून ठेवा. बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये सेल काढताच दोन्ही पुसले जातात. मुलांनी गिळू नयेत म्हणून कडू लेप दिलेले सेल काही मीटरमध्ये नीट संपर्क करत नाहीत. नवा सेल घालूनही पडदा कोरा राहिला तर आधी बिनलेपाचा सेल घालून बघा.