एसीचा गॅस संपलाय, असं गॅरेजात आपणहून सांगू नका

पहिली चूक माझीच. मे महिन्यातली दुपार, संभाजीनगरात पारा 41 अंशांवर, गाडीचा एसी गरम हवा फेकतोय, आणि मी गॅरेजात शिरता शिरताच म्हणालो, "गॅस संपलाय बहुतेक." समोरच्याने नुसती मान डोलावली. त्याचं अर्धं काम मीच करून दिलं होतं.

तक्रार मात्र नीट सांगितली होती. जालन्याच्या रस्त्याला गाडी ऐंशीने पळत असली की आत थंडगार. शहरात शिरून सिग्नलला थांबलं की दोन मिनिटांत गरम. सगळं निदान या एका वाक्यात होतं, हे आता कळतंय.

त्याने नळी जोडली, बराच वेळ फुस्स करून काहीतरी बाहेर सोडलं आणि मग मला प्रेशर मोजणारा गेज दाखवला. काटा शून्यावर. "बघा सर, पूर्ण खाली." खाली होतं तर ते फुस्स कशाचं, हे मला तीन आठवड्यांनी सुचलं! एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. गळतीचं त्याने नावही काढलं नाही. बिल झालं 1,900 रुपये. त्यात दोन डबे, 900 ग्रॅम गॅस. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर माझ्या गाडीला आर-134ए गॅस 430 ग्रॅम लागतो, असं स्वच्छ छापलंय. आठ वर्षांत मी तो कधी वाचला नव्हता.

मग ट्रायल. मला शेजारी बसवून तो थेट बायपासला गेला. मोकळा रस्ता, सत्तरचा वेग, तोंडावर गार झोत. परत आल्यावर गाडी उभी राहते न राहते तोच त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. मी खूश.

तिसऱ्या दिवशी आकाशवाणीच्या सिग्नलला पुन्हा तेच. आता त्याने बोटाला लागलेलं काळं तेल दाखवलं. "सर, कॉम्प्रेसर गेला." म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप. 16,500 रुपये. नवीन म्हणून बसवलेल्या कॉम्प्रेसरवर चंदेरी रंग होता, पण बोल्टांच्या कडा पान्याने झिजलेल्या आणि त्या झिजेवरही तोच रंग. जुना मागितला तर म्हणे, कंपनीला परत गेला. ट्रायल पुन्हा बायपासलाच.

आठवड्याने एका वायरिंगवाल्याकडे हॉर्नच्या कामाला गेलो, तेव्हा बोलता बोलता एसीचा विषय निघाला. त्याने एकच विचारलं, "थांबल्यावरच गरम होतो ना?" बॉनेट उघडून एसी लावायला सांगितला. कॉम्प्रेसरचा क्लच टक करून लागला, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू झाला, पण कंडेन्सरसमोरचा, म्हणजे गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीसमोरचा फॅन जागचा हलला नाही. गाडी पळताना वारा लागून कंडेन्सर गार होतो. उभ्या गाडीत ते काम या फॅनचं. तो बंद असला की प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर आपोआप कट होतो. माझ्या गाडीत रेडिएटरचा फॅन वेगळा आहे, म्हणून इंजिन तापलं नाही आणि मलाही शंका आली नाही. त्याने फ्युजबॉक्समधला हॉर्नचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, काढून फॅनच्या रिलेच्या जागी खोचला. फॅन भर्रकन फिरला. नवा रिले 220 रुपये; मजुरी तो घेत नव्हता, मी बळेच शंभर दिले.

तेव्हा एसी दाखवायला गेलात तर बॉनेट उघडायला लावा, फॅन स्वतः बघा, नळी जोडल्या जोडल्या गेजचा आकडा मागा आणि ट्रायल उभ्या गाडीत, उन्हात, दहा मिनिटं घ्या. बदललेला पार्ट तिथल्या तिथे ताब्यात घ्या.

दोन्ही बिलं घेऊन मी त्या गॅरेजात परत गेलो. कॉम्प्रेसरच्या बिलावर जीएसटी नंबर नव्हता, हे तिथे उभं राहिल्यावर दिसलं. त्याने शांतपणे चहा मागवला आणि म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात गॅस आपल्याकडून फ्री, सर."