मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर इंग्रजी रंगांची कार्डं : काही महिन्यांच्या वापरानंतर

भुसावळला आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊज पीस, अस्तर, फॉल, परकर, रीळं. रेल्वेचं गाव, त्यामुळे गिऱ्हाईक सगळीकडचं. क्वार्टरमधल्या बिहारी वहिनी, तमिळ अम्मा, शिवाय यावल-रावेरकडून बस्त्याला आलेली मंडळी. समोर माणूस उभा असला की भाषेवाचून अडत नाही, साडीचा पदर काउंटरवर पसरला की काम होतं. अडतं ते व्हॉट्सॲपवर. पुण्या-बंगळुरातल्या लेकीसुना साडीचा फोटो टाकतात आणि खाली इंग्रजीत लिहितात : टील आहे का, डस्टी पिंक चालेल पण पीच नको, मोव्ह असेल तर दोन मीटर. फोटोतला रंग फोनागणिक बदलतो, म्हणून शब्दावरच भरवसा ठेवावा लागतो.

नणंदेची मुलगी नववीत आहे. तिच्यासाठी ऑनलाइन मागवलेला इंग्रजी रंगांच्या कार्डांचा संच असा दुकानात आला आणि काउंटरवरच राहिला. दिवाळीच्या आधीपासून वापरतोय, लग्नसराईही त्याच्यासोबत काढली. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. असे संच वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो. कार्डाच्या एका बाजूला रंगाचा चौकोन आणि नाव, दुसऱ्या बाजूला त्या रंगाचा एखादा वाक्प्रचार, वाक्य आणि चित्र. कोपऱ्यात स्कॅन करून उच्चार ऐकायची सोय.

आधी रंगांची बाजू, कारण आमची खरी गरज तीच होती. इथे संच कमी पडतो. आमच्याकडचं राणी कलरचं टू बाय टू रुबियाचं थान घ्या आणि शेजारी मॅजेंटाचं कार्ड ठेवा. कार्ड धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं दिसतं. यात कंपनीचा दोष पूर्ण नाही. छपाई चार शाईंत होते आणि राणी, पोपटी, भडक केशरी असे झळझळीत रंग त्या चार शाईंच्या मिश्रणातून निघतच नाहीत. कापड रंगवणाऱ्याचं गणित वेगळं, छापणाऱ्याचं वेगळं. पण डब्यावर 'खरे रंग ओळखायला शिका' असं ठळक छापलंय, ते खटकतं. टील आणि टर्क्वॉइजची कार्डं तर ट्यूबलाइटखाली सख्ख्या बहिणी वाटतात. दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात धरली की एक हिरव्याकडे झुकतं, दुसरं आकाशीकडे. मॅचिंगवाल्यांना ही सवय असतेच. दिव्याखाली जुळलेली साडी आणि ब्लाऊज उन्हात गेल्यावर एकमेकांना ओळख देत नाहीत, म्हणून शेवटचा शब्द नेहमी उन्हाचा. कार्डं वापरणाऱ्यांनीही तेच करावं.

मग आम्ही प्रत्येक कार्डाच्या मागे आमच्या कापडाची चिंधी स्टेपल केली. टीलच्या मागे रामा, टर्क्वॉइजच्या मागे फिरोजी, मरूनच्या मागे डाळिंबी, ऑलिव्हच्या मागे मेहंदी. जुळणी तंतोतंत नाही, रामा टीलपेक्षा थोडा उजळच. पण गिऱ्हाइकाने टील म्हटलं की कोणती दोन थानं खाली काढायची हे आता कामाला असलेल्या पोरीलाही कळतं. मरूनबद्दल एक सांगायलाच हवं. हळदीच्या घरातून आलेल्या म्हाताऱ्या बायांना तो शब्द चालत नाही. "शुभ कार्याला मरून काय म्हनते व माय, डायिंबी म्हन," असं एका आजीने पोरीला सुनावलं. आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, काळा तो काया, तशी ही डायिंबी. तेव्हापासून गिऱ्हाईक कोण आहे ते बघून शब्द वापरतो.

सगळ्यात मोठी गंमत वांग्याची. कार्डावर ऑबर्जिन लिहिलंय आणि चौकोन गडद जांभळा. खाली बारीक अक्षरात, अमेरिकेत याच रंगाला एगप्लांट म्हणतात. बाहेरच्या दुकानात 'वांगी कलर' मागितला तरी जांभळाच मिळतो, ते ठीक. पण जळगाव जिल्ह्यातलं भरताचं वांगं हिरवं असतं, पांढुरक्या रेघांचं. बामणोदचं वांगं बघत वाढलेल्या पोरीला ते कार्ड दाखवलं तर ती म्हणते, "मामी, यांनी चुकीचं वांगं घेतलं." मुळात एगप्लांट नाव पडलं तेही पांढऱ्या, अंड्याएवढ्या वांग्यावरून, जांभळ्यावरून नाही. त्यामुळे फळाफुलांवरून आलेले रंगशब्द चित्राशिवाय पाठ करण्यात अर्थ नाही. केळीचंही तेच. कार्डावर बनाना येलो, आणि आमच्या रावेर-सावद्याहून केळी ट्रकमध्ये चढते ती हिरवीगार.

नावांच्या गोष्टी मात्र भाचीला आवडल्या आणि खरं सांगायचं तर मलाही. कार्डांवर दोन-दोन ओळीच आहेत, बाकीचं तिने शोधून सांगितलं. मोव्ह हा रंग 1856 मध्ये लंडनमधल्या विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला सापडला. तो डांबरातून मलेरियावरचं क्विनीन बनवायला बसला होता, हाती लागला जांभळट रंग. मॅजेंटाचं नाव इटलीतल्या मॅजेंटा गावच्या 1859 च्या लढाईवरून पडलं. नेव्ही ब्लू ब्रिटिश आरमाराच्या अधिकाऱ्यांच्या गणवेशाचा. टील हे एका छोट्या बदकाचं नाव, नराच्या डोळ्यापासून मागे हिरवा झळाळता पट्टा असतो. ही बदकं हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्या जलाशयांवर उतरतात. हतनूर धरण इथून जवळच, तेव्हा थंडीत टील शिकवायचा झाला तर मुलांना तिकडे न्यावं. खाकी तर इकडूनच तिकडे गेलेला शब्द, खाक म्हणजे धूळ. त्याचं कार्ड सगळ्यांना पहिल्या दिवशी पाठ झालं.

ज्यासाठी पैसे वसूल झाले ती गोष्ट डब्यावर कुठेच लिहिलेली नाही. संचात जोडकार्डं आहेत : लाइट, डार्क, पेल, ब्राइट, डल, आणि शब्दाला 'इश' जोडायची युक्ती. ग्रीनिश ब्लू म्हणजे मूळ निळा, झाक हिरवी. ब्लुइश ग्रीन म्हणजे उलट. शेवटचा शब्द मुख्य रंगाचा. ही एवढी खूण कळल्यावर निम्म्या ऑर्डरींचा घोळ मिटला. दुसरं, शब्दांचा क्रम. आधी मोठा-छोटा, मग रंग, मग कापड, मग वस्तू. 'डार्क ग्रीन कॉटन ब्लाऊज' बरोबर, 'कॉटन डार्क ग्रीन ब्लाऊज' ऐकणाऱ्याला खटकतं. आम्ही दुकानातल्या चिठ्ठ्या त्याच क्रमाने लिहायला लागलो. आणखी एक : रंगांची कितीही नावं असली तरी इंग्रजीचे मूलभूत रंगशब्द अकराच, असं बर्लिन आणि के या दोन अभ्यासकांनी 1969 मध्ये मांडलं. काळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, तपकिरी, जांभळा, गुलाबी, नारिंगी, राखाडी. हे अकरा आणि वरची जोडकार्डं एवढ्यावर कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलता येतं. संच घेतला तर सुरुवात इथून करा. कंपनीने ही कार्डं डब्याच्या तळाशी का घातली कुणास ठाऊक.

मागची बाजू, वाक्प्रचारांची. ही भाचीची. यातले काही आपल्याला शिकवावेच लागत नाहीत. 'कॉट रेड हँडेड'ला आपला 'रंगेहाथ पकडला' तयारच आहे. 'इन द रेड' आणि 'इन द ब्लॅक' माझ्या मालकांनी एका दमात उचलले, कारण खतावणीत तोटा लाल शाईने लिहायच्या पद्धतीतूनच ते आलेत. ब्लू कॉलर, म्हणजे अंगमेहनतीचं काम करणारे, हे समजावायला लोकोशेडकडे बोट दाखवलं की झालं.

'वन्स इन अ ब्लू मून'ला कार्डावर नुसतं 'क्वचित' म्हटलंय. त्यापेक्षा धोंड्याचा महिना सांगा, लगेच डोक्यात बसतं. इंग्रजी कॅलेंडरच्या एकाच महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात, आणि ते साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी घडतं. अधिक महिनाही तेवढ्याच अंतराने येतो, कारण दोन्हीकडे हिशेब तोच, चंद्राचा आणि सूर्याचा मेळ घालण्याचा. 19 वर्षांत अधिक महिने सात, ब्लू मूनही साधारण सातच. आम्हा मॅचिंगवाल्यांना धोंड्याचा महिना विसरणं शक्य नाही. लेकीजावयाच्या आहेराने दुकान भरलेलं असतं.

काही कार्डं मात्र बाजूला काढून ठेवली. ब्लॅकमेलच्या कार्डावर काळ्या पाकिटाचं चित्र आहे, ते दिशाभूल करतं. यातल्या मेलचा टपालाशी संबंध नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचे लुटारू शेतकऱ्यांकडून 'राखण' म्हणून जी खंडणी उकळायचे, तिचं हे नाव. यलो बेलीड म्हणजे भित्रा, हे कार्ड मी कुणाच्याच तोंडी ऐकलं नाही, परीक्षेलाही येणार नाही. पिंक स्लिप अमेरिकेत नोकरी जाण्याची चिठ्ठी, आपल्याकडे पोरीने सुरतेच्या व्यापाऱ्याकडून आलेल्या गुलाबी बिलालाच पिंक स्लिप म्हटलं आणि सगळे हसले. झाडं ज्याच्या हाताला लागतात त्याला ब्रिटनमध्ये ग्रीन फिंगर्स, अमेरिकेत ग्रीन थंब. संचात दोन्ही रूपं शेजारी दिलीत, हे चांगलं केलं. स्पेलिंगचंही तसंच, रंग या शब्दाचं आणि राखाडीचं ब्रिटिश-अमेरिकी दोन्ही दिलंय. शाळेत ब्रिटिश लिहा, फोन काहीही सुचवो.

उच्चारांची सोय दुकानात फारशी वापरली गेली नाही, रस्त्याच्या गोंगाटात ऐकू येत नाही. पण बेज आणि मोव्हसाठी एकदा शांतपणे ऐकाच, लिहिलंय तसं वाचलं तर दोन्ही फसतात. पुठ्ठा बरा आहे, लॅमिनेशनचे कोपरे मात्र मे महिन्याच्या उकाड्यात सुटले.

घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर : आठवी-दहावीच्या मुलांसाठी घ्या, मागच्या बाजूसाठी. बालवाडीच्या पोरांना नको, त्यांना घरातल्या बादल्या-ओढण्यांवरून लाल-पिवळा लवकर येतो. आणि कापडाच्या धंद्यातल्यांनी जोडकार्डं तेवढी वहीत उतरवून घ्यावीत. आम्ही आता जुन्या बिलबुकात एकेका पानावर चिंधी, आपलं नाव आणि इंग्रजी नाव असं लावतोय. फिरोजी, अबोली, आमसुली झाले. राणीचं पान अजून कोरं आहे, भाची हॉट पिंक म्हणते, मालक मॅजेंटावर अडून बसलेत.