मेरिबेलच्या केटर्ड शॅलेत एक आठवडा, बुक करायच्या आधी हे वाचा

आम्ही इंग्लंडमधे रेडिंगला राहतो आणि यंदा फेब्रुवारीच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळांच्या मधल्या सुट्टीत, फ्रेंच आल्प्समधे मेरिबेल या स्कीइंगच्या गावात केटर्ड शॅले (डोंगरातलं सुट्टीसाठीचं घर) घेतलं होतं, आम्ही दोघं, दोन मुलं आणि नाशिकहून आलेली माझी आई. ग्रुपमधल्या तीन-चार जणींनी विचारलं की एवढे पैसे घालण्यासारखं आहे का, म्हणून सगळं नीट लिहितेय.

केटर्ड म्हणजे घर तुमचं, स्वयंपाक त्यांचा. सकाळी गरम नाश्ता, स्कीइंग करून आलात की चहा आणि ताजा केक टेबलावर मांडलेला, रात्री तीन कोर्सचं जेवण आणि सोबत वाइन. मुलांना साडेपाचलाच जेवायला देतात, हे मला सगळ्यात आवडलं कारण दिवसभर बर्फात खेळून आलेली मुलं आठपर्यंत जागीच राहत नाहीत. पण सात रात्रींपैकी सहाच रात्री जेवण असतं, एक दिवस स्टाफची सुट्टी. आमची बुधवारी होती आणि हे आम्हाला मंगळवारी रात्री कळलं, बुकिंगच्या कागदात कुठेतरी शेवटी एक ओळ होती म्हणे. हाफ टर्मला गावात कुठेच टेबल मिळेना, पाच जणांनी ब्रेड आणि सूपवर भागवलं. तुम्ही वार आधीच विचारा आणि त्या रात्रीचं टेबल घरूनच बुक करा.

पॅकेजमधे काय नसतं तेही बघा. लिफ्ट पास (उतारांच्या वर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट), स्की-बूट भाड्याने, मुलांचे क्लासेस हे सगळं वेगळं. थ्री व्हॅलीजचा, म्हणजे मेरिबेल धरून जोडलेल्या तीन खोऱ्यांचा, सहा दिवसांचा मोठ्यांचा पास साडेतीनशे युरोच्या वर जातो, 600 किलोमीटर उतार आहेत म्हणून, पण पहिल्यांदा शिकणाऱ्याला त्यातलं दहा टक्केही लागत नाही, तेव्हा फक्त मेरिबेल खोऱ्याचा पास घ्या, बराच स्वस्त पडतो. इन्शुरन्स स्कीइंग धरून घ्या, यूकेचं हेल्थ कार्ड डोंगरावरच्या रेस्क्यूला चालत नाही, पाय मोडला आणि हेलिकॉप्टर आलं तर बिल तुमच्या नावावर.

आता माझी खरी तक्रार. जाहिरातीत लिहिलं होतं लिफ्टपासून पाच मिनिटं. असतील, पण साध्या बुटात आणि उताराकडे! स्कीचे बूट घालून, खांद्यावर स्वतःची स्की आणि हातात सात वर्षांच्या मुलाची घेऊन बर्फाळ चढ चढायला आम्हाला रोज वीस मिनिटं लागायची आणि पोरगं रडायला लागायचं. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की अंतर बरोबरच आहे. म्हणून अंतर मिनिटांत विचारू नका, मीटरमधे विचारा, चढ आहे का विचारा, आणि शॅलेची स्वतःची मिनीबस लिफ्टपर्यंत सोडते का हेही विचारा, बऱ्याच ठिकाणी सोडतात.

जिनिव्हाहून मेरिबेल एरवी अडीच तास, पण सगळ्या शॅलेंत जुने लोक जायचे आणि नवे यायचे ते शनिवारीच, त्यामुळे आल्बेरव्हिलच्या पुढे रांगच रांग, आम्हाला पाच तास लागले. मुलांसाठी खायला जवळ ठेवा. यूकेतून ईयूमधे दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तेव्हा तुपाची बरणी घरीच ठेवा. आई तूप ठेवून लिंबाचं लोणचं घेऊन आली होती.

जेवणाबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय कारण आपल्याकडचे बरेच जण शाकाहारी म्हणूनच शॅले टाळतात. बुकिंग करतानाच लिहून द्या आणि जायच्या आधी आठवडाभर परत एकदा कळवा. नुसतं व्हेजिटेरियन म्हणू नका, अंडं चालतं का, मासे चालतात का, स्पष्ट लिहा. आणि तिकडच्या पारंपरिक चीजमधे वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं, कडक शाकाहारी असाल तर रेब्लोशाँ वगैरे चीज नको म्हणून सांगा. आम्ही एवढं सगळं कळवलं होतं तरी पहिल्या दोन रात्री आईच्या पानात मशरूम रिसोटोच आला. मग स्वयंपाक करणाऱ्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, विशीतली असेल, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिसऱ्या रात्री भोपळा आणि राजम्याचं इतकं सुंदर स्ट्यू केलं की आईने दोनदा घेतलं.

आई स्कीइंग करत नाही. सकाळी दहाला स्टाफ आवरून जातो तो संध्याकाळीच येतो, तोवर घर रिकामं, स्वयंपाकघर वापरायचं नाही, फक्त किटली. तिच्यासाठी पायी फिरणाऱ्यांचा पास काढला, गंडोलाने (बंद डब्यांच्या केबल कारने) वर जाऊन ती दुपारी आमच्याबरोबर जेवायची, तिला ते फार आवडलं. आईवडलांना नेणार असाल तर भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, यूकेचा चालत नाही, ते भारतातून निघायच्या आधीच करून घ्या.

आम्ही परत जाणार, पण मार्चमधे शाळेच्या सुट्ट्या सोडून, आणि लिफ्टच्या अगदी दाराशी. शनिवारी नऊला खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, ती मुलगी पहाटेपासून चादरी काढत होती कारण चारपर्यंत पुढचे लोक येणार. आम्ही तिला टीप दिली, रोख द्या, आणि आईने लोणच्याची उरलेली बरणी तिच्या हातात ठेवली, रोज रात्री ती चमच्याने चाखून बघायची म्हणून.