वडिलांचा स्मृतिग्रंथ करून घेताना

सैन्यातून निवृत्त झालेले आमचे बाबा गेल्यानंतर त्यांचे कपाट आम्ही बरेच दिवस उघडले नव्हते. उघडले तेव्हा त्यात कृष्णधवल छायाचित्रांचे अल्बम, निगेटिव्हच्या पट्ट्या, आईला लिहिलेली पत्रे आणि पदकांची पेटी मिळाली. या साऱ्यातून स्मृतिग्रंथ करून देणाऱ्या एका सेवेकडे आम्ही ते काम सोपवले.

पहिल्या मसुद्यात त्यांनी लष्करी कारकीर्द आणि कौटुंबिक जीवन असे दोन भाग पाडले होते. मांडणी नीटनेटकी होती, पण तिच्यात आमचे बाबा सापडेनात. कारण बदलीचा हुकूम आल्याची बातमी आणि धाकट्या बहिणीचे पाढे कसे पाठ करून घ्यावेत याच्या सूचना ते एकाच पत्रात लिहीत, आणि मसुद्यात त्या पत्राचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे गेला होता. आम्ही हे सांगताच संपादिकेने सगळी मांडणी मोडली आणि काळाच्या क्रमाने ती नव्याने लावली.

हे सोपे नव्हते. पत्रांवर गावाऐवजी आर्मी पोस्ट ऑफिसचा क्रमांक असे आणि छायाचित्रांमागे क्वचितच काही लिहिलेले होते. हुद्दा बदलला की खांद्यावरची चिन्हे बदलतात आणि पदक मिळाल्याशिवाय त्याची फीत छातीवर लावता येत नाही, एवढ्या दोन खुणांवरून तिने छायाचित्रांचा क्रम लावला. आईच्या आठवणींशी तो ताडून पाहिला, तेव्हा बहुतेक ठिकाणी जुळला. माझ्या मते या सेवेचे खरे मोल या चिकाटीत आहे.

कृष्णधवल छायाचित्रांना संगणकाकडून रंग भरून घेण्याचा आमचा हट्टही तिने मोडून काढला. पदकाची ओळख त्याच्या फितीच्या रंगांवरून पटते आणि संगणक ते रंग अंदाजाने भरतो. म्हणजे न मिळालेले पदक बाबांच्या छातीवर दिसण्याचा धोका होता. बाबांना ते मुळीच खपले नसते.

चूक झाली ती स्कॅनिंगमध्ये. एक निगेटिव्ह उलट्या बाजूने स्कॅन झाली आणि छपाईपूर्वीच्या प्रतीत बाबांच्या फिती उजव्या छातीवर आल्या. सैनिकाच्या घरात वाढलेल्या कोणाच्याही नजरेतून हे सुटणार नाही, पण त्यांच्या तपासणीतून ते सुटले होते. दुरुस्ती तत्परतेने झाली, तरी ती प्रत घरच्यांनी स्वतः पान न् पान पाहावी, असे मी आवर्जून सांगेन. छायाचित्रे ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन केलेली असल्यामुळे ३०० डीपीआयच्या छपाईत मूळ आकाराच्या दुप्पट करूनही चेहरे स्पष्ट राहिले. कागद आम्लरहित आहे आणि बांधणी पक्की आहे.

ठरलेल्या मुदतीपेक्षा काम लांबले, याची तक्रार मात्र नाही, कारण तो वेळ आईजवळ बसून चेहऱ्यांची नावे लिहून घेण्यात गेला. मूळ पत्रे लॅमिनेट न करता पॉलिस्टरच्या पाकिटांत घालून, क्रमांक टाकून परत आली. पाढ्यांचे पत्र त्यात अखंड आहे, आणि ग्रंथातही ते आता एकाच पानावर आहे.