दोन्ही बटणांवर "ऑर्डर र…" : हापूस विकायच्या अ‍ॅपचा तीन महिन्यांचा अनुभव

रत्नागिरीतल्या पावस गावाजवळ आमची हापूसची कलमं आहेत. वाशीला दलालाकडे माल पाठवायचा आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, कधी येते याची वाट बघत बसायचं, त्याला कंटाळून यंदा थेट गिऱ्हाईकाला पेट्या विकायचं एक अ‍ॅप घेतलं. नाव देत नाही. मार्च ते मे रोज वापरलंय, बाबांनी जास्त आणि मी थोडं कमी, माझ्याकडून ५ पैकी अडीच स्टार.

चांगलं आधी सांगते. यूपीआयचे पैसे आले की रक्कम मोठ्या अक्षरात येते आणि मराठीत बोलूनही दाखवतं, बाबांना चष्मा शोधायला लागत नाही. पेटी किती डझनाची ते टाईप करायचं नाही, नुसतं चित्रावर दाबायचं, हे करणाऱ्याने खरंच विचार केलाय.

आता बटणं. "ऑर्डर रवाना करा" आणि "ऑर्डर रद्द करा" ही दोन बटणं शेजारी शेजारी, रंग एकच. बाबांचं वय ६८, फोनमधलं अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलेलं, त्यामुळे मजकूर बटणात मावतच नाही आणि दोन्हीवर दिसतं फक्त "ऑर्डर र…". "अगो, दोन्ही सारखीच दिसतायत, दाबू कुठचं?" असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलेलं, मी म्हटलं डावीकडचं, आणि मग एप्रिलमध्ये एक अपडेट आला आणि बटणांची जागा उलटी झाली. पुण्याची तीन पेट्यांची ऑर्डर बाबांच्या हातून रद्द झाली. नक्की रद्द करायची का असं विचारलं नाही, परत आणायची सोय नाही, पैसे लगेच गिऱ्हाईकाकडे परत, आणि आंबा अढीत, म्हणजे गवतात पिकायला ठेवलेला, तयार होत आलेला. मी फोन केला, त्या बाई समजूतदार होत्या, पेट्या घेतल्या त्यांनी. पण बाबा नंतर दोन दिवस फोनला हात लावेनात, माझीच चूक म्हणत राहिले. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, कारण चूक त्यांची नव्हतीच, माणसाने वाचून दाबायचं म्हटलं तरी वाचायला तिथे काही नव्हतं.

मग मी मोजपट्टी घेऊन ते बटण मोजलं, उंची जेमतेम ५ मिलिमीटर. अँड्रॉइडच्या गाईडलाईनमध्ये बोट लावायची जागा कमीत कमी ४८ डीपी (स्क्रीनवरचं माप) सांगितलीय, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. त्यात आंबा उतरवताना हाताला देठाचा चीक असतो, बोट एकदा लावलं की कुठे लागेल सांगता येत नाही. रंगाचंही तेच, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर घरात ओटीवर बसून वाचता येतं पण दुपारी कातळावर उन्हात उभं राहिलं की स्क्रीन कोरीच दिसते. वेबसाठीच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे नजर कमी असलेल्यांनाही वापरता यावं यासाठीच्या, नियमांत साध्या मजकुरासाठी कमीत कमी ४.५ ला १ असा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक) दिलाय, तो अ‍ॅपलाही लावता येतो, आणि तो तपासायची टूल्स फुकट मिळतात.

मराठी आहे पण इंग्रजीच्या मापाने बसवलेलं. ओळीची उंची कमी, म्हणून वरच्या मात्रा कापल्या जातात आणि पेटीची "पटी" होते. भाव टाकायच्या रकान्यात आकड्यांऐवजी अक्षरांचा कीबोर्ड उघडतो. तारीख आधी महिना मग दिवस, त्यामुळे ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे हे बाबा दरवेळी विचारायला यायचे, आणि आंब्यात महिनाभराचा फरक म्हणजे भावात केवढा फरक.

रेंजचं तर विचारूच नका. बागेच्या खालच्या अंगाला नेटवर्क नाही, सगळं भरून सेव्ह केलं की गोल गोल फिरतं आणि भरलेलं पुसून टाकतं. व्हॉट्सअ‍ॅप कसं घड्याळाचं चिन्ह दाखवून मेसेज धरून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं, तेवढं केलं असतं तरी बाबांचे अर्धे हेलपाटे वाचले असते.

हे सगळं फोटोंसकट त्यांना कळवलं. मे संपता संपता रद्दचं बटण वेगळ्या पानावर गेलं, आता दाबल्यावर गिऱ्हाईकाचं नाव आणि पेट्यांचा आकडा दाखवून विचारतं, हे छान झालं. अक्षर मात्र अजून कापलं जातंय. तोपर्यंत घरी आजी-आजोबा वापरणार असतील तर घेऊ नका, तुम्ही स्वतः वापरणार असाल तर चालेल.