हिप्परगा तलाव, पहाटे साडेपाच: कयाक क्लबमधले नऊ महिने

"नाव घेऊन कुठं जालालास बे? आपल्याकडं नळाला पाणी चार दिवसाआड येतंय!" मागच्या जुलैत, म्हणजे २०२५ ला, कयाक क्लबची फी भरून आलो तेव्हा मित्रानं असं स्वागत केलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. सोलापूरकराला पाणी म्हटलं की हंडा, टँकर आणि उजनी किती टक्के भरली एवढंच आठवतं. कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्यानं, पॅडलनं, चालवायची छोटी नाव. पाण्यावर बसून घाम गाळायचा हा प्रकार आपल्याकडचा नाहीच.

माझं वय ४४, नवी पेठेत कापडाचं दुकान. दिवसभर गादीवर बसून पोट सुटलं होतं, आणि जिममध्ये आरशासमोर उड्या मारायची लाज वाटत होती. मुलीला शाळेतून चौकशीला घेऊन गेलो आणि नाव माझंच घातलं गेलं. तिनं पहिल्या आठवड्यात सोडलं, मी राहिलो.

बरेच जण विचारतात म्हणून आधीच सांगतो. पोहता आलंच पाहिजे, त्यात सूट नाही. अंगावरच्या कपड्यांसकट पन्नास मीटर पोहून दाखवल्यावरच नावेत बसवतात. माझं वजन तेव्हा ८८ किलो होतं, त्यावर कुणी काही बोललं नाही. महिन्याची फी १८०० रुपये, पण खरा खर्च पेट्रोलचा. तलाव तुळजापूर रोडला, घरापासून जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस. हिशेब करू नका, मी केला आणि पस्तावलो.

आता नावेबद्दल, कारण सगळी गंमत आणि सगळा त्रास तिथंच आहे. पहिले दोन महिने प्लास्टिकच्या रुंद नावा देतात. त्यात बसून चहा पिता येतो, कुणीही वल्हवेल. मला वाटलं, आपल्याला जमलं. मग आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी शर्यतीची, एकट्यानं चालवायची के-वन दाखवली. नियमाप्रमाणे तिची लांबी जास्तीत जास्त ५.२० मीटर आणि वजन कमीत कमी १२ किलो. रुंदीला पूर्वी किमान मर्यादा होती, ती काढल्यापासून नावा इतक्या निमुळत्या झाल्या की बसायच्या जागी रुंदी जेमतेम चाळीस-बेचाळीस सेंटीमीटर. माझी कंबर त्यात मावली हाच पहिला चमत्कार. दुसरा चमत्कार झाला नाही. बसलो, पॅडल उचललं, आणि काय झालं कळायच्या आत तोंडात तलाव.

त्या एका सकाळी अकरा वेळा पडलो. काठावर सातवीतली एक पोरगी मोजत होती. मोठ्यानं.

पडण्याचंही शिक्षण असतं. या नावेत उलटल्यावर फिरून सरळ व्हायचं नसतं, बाहेर निघायचं आणि नाव सोडायची नाही. पॅडल एका हातात, नावेचं टोक दुसऱ्या हातात, पायानं पाणी मारत काठ गाठायचा. नाव पाण्यानं भरलेली असते, त्यामुळं ती म्हशीसारखी ओढावी लागते. मग दोघांनी मिळून पालथी करून रिकामी करायची. मी महिनाभर पॅडल मारण्यापेक्षा नाव रिकामी करण्यातच जास्त तयार झालो.

आमच्या बॅचला एक तरुण आहे, होटगी रोडला वेल्डिंगचं वर्कशॉप आहे त्याचं. त्यानं के-वन तिसऱ्या दिवशी सरळ चालवली. सगळे चाट पडलो. नंतर कळलं, हा गडी संक्रांतीला सिद्धरामेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलतो. ज्यांनी गड्डा, म्हणजे ही यात्रा, पाहिलाय त्यांना सांगायला नको. ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यात टेकवून, गर्दीतनं, उन्हातनं संमती कट्ट्यापर्यंत न्यायची. मी त्याला विचारलं, बाबा रे, तुला जमतं कसं? तो म्हणाला, "शेठ, तुम्ही नावेला धरून ठेवताय. काठीला कुणी धरून ठेवत नाही ओ. ती जिकडं जाती तिकडं कमरेनं जायचं."

हेच वाक्य सर दोन महिने वेगळ्या शब्दांत सांगत होते: कंबर ढिली सोड, वरचं अंग शांत ठेव. माझ्या डोक्यात ते शिरलं नंदीध्वजामुळं. त्या दिवसापासून मी नाव हलली की हलू द्यायला लागलो. खाली ती डुलते, वर आपण बसलेले. दिवाळीच्या आसपास पहिल्यांदा पाचशे मीटर न पडता गेलो आणि काठावरच्या पोरीनं बोटांवर मोजायचं थांबवलं.

दुसरी शिकवणी हातांची, किंवा खरं तर पायांची. लांबून बघणाऱ्याला वाटतं ताकद दंडात लागते. उजवीकडं पॅडल पाण्यात रोवलं की उजवा पाय फुटरेस्टवर दाबायचा, कंबरेतनं पिळायचं आणि नाव पॅडलच्या पुढं न्यायची. पॅडल मागं ओढायचं नाही. पॅडल खांबासारखं जागेवर, आपण पुढं सरकायचं. माझी दुकानदारी दंडातच अडकलेली. शिवाय पडायच्या भीतीनं मी दांडा इतका आवळून धरायचो की नोव्हेंबरात मनगटाच्या वर सूज आली आणि हात वळवला की आतून करकर वाजायला लागलं. पॅडलची दोन पाती एकमेकांशी कोनात बसवलेली असतात, त्यामुळं दर फटक्याला एक मनगट वळतं. सरांनी तो कोन कमी करून दिला, पंधरा दिवस विश्रांती सांगितली, आणि बोटं उघडी ठेवून दांडा ढकलायला लावलं. तेव्हापासून दुखणं गेलं. नवीन येणाऱ्यांना माझा एकच आगाऊ सल्ला: दुखायला लागल्यावर "सवय होईल" म्हणून रेटू नका. मी रेटलं आणि महिनाभर कापडाचा तागा उचलायची पंचाईत झाली.

सप्टेंबरात सराव बंद होता. सीनेला पूर आलेला, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात होती. दरवर्षी पाणी नाही म्हणून रडणारे आपण, त्या वेळी पाणी जास्त झालं म्हणून बसलेलो. दोन पोरं सरांकडं गेली होती, नावा घेऊन पुराकडं जाऊ, व्हिडिओ काढू म्हणून. सरांनी त्यांना पंधरा दिवस नावेला हात लावू दिला नाही. सर सैन्यातनं निवृत्त झालेत, आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी चढवला. वाहत्या पाण्यात झाडं, तारा, कुंपणं असतात. तलावावर शिकलेला माणूस तिथं पाच मिनिटं टिकत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

सुरक्षेच्या बाबतीत सरांना दहा पैकी दहा. क्लबला मात्र सहा. कारण लाइफ जॅकेटं. वीसातली सात-आठ जुनी, बकल तुटलेली, एकाला तर नाडी बांधली होती. मी दोनदा लेखी दिलं, तिसऱ्यांदा स्वतःचं विकत घेतलं. मे २०२४ मध्ये उजनीच्या फुगवट्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले, ते आपल्या जिल्ह्याला इतक्यात विसरता येणार नाही. वळवाचं वारं आपल्याकडं सांगून येत नाही. दुपारी आभाळ स्वच्छ असतं आणि अर्ध्या तासात धुळीची भिंत उभी राहते. म्हणून एप्रिल-मे मध्ये संध्याकाळचा सराव नाही, हा नियम मला आवडतो. जॅकेटची सबब मात्र आजही तीच: "ऑर्डर दिलीय."

शर्यतीकडं येतो. क्लबच्या आतल्या आत दोन झाल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फेब्रुवारीत पुण्याकडच्या एका क्लबनं मैत्रीची शर्यत ठेवली, आम्ही सात जण गेलो. सतरा फुटी नावा पिकअपच्या वर आडव्या पाइपांना बांधल्या, मागं टोकाला लाल फडकं. मोडनिंबला चहाला थांबलो तर एका आजोबांनी नावेवरनं हात फिरवून विचारलं, "ही कसली फवारणी म्हणायची?" वेल्डिंगवाला म्हणाला, "आजोबा, होडी हाय." आजोबांनी एकदा नावेकडं, एकदा माझ्या पोटाकडं बघितलं. पुढं काही बोलले नाहीत.

तिथं हजार मीटरला मी उतरलो. सात नावा, सात लेन. सुटताना स्थिर राहायचं हेच सगळ्यात अवघड. नाव पळायला लागली की सायकलसारखी आपोआप सावरते, उभी असताना मात्र पिसाळलेली. पहिले दोनशे मीटर बरा होतो. मग डावीकडनं वारा आला. टोक वाऱ्याकडं वळायला लागलं, मी पायानं रडर, म्हणजे नाव वळवायचं सुकाणू, दाबला, जास्त दाबला, आणि थेट शेजारच्या लेनच्या कडेला. तिथल्या मुलाच्या नावेमागनं पाण्याची लाट येत होती, तिच्यावर माझी नाव जरा सोपी चालायला लागली. मला वाटलं, वा, आज काय चाललंय! पुढं समजलं की त्याला वॉश घेणं म्हणतात, लांब पल्ल्याच्या शर्यतीत ते चालतं, हजार मीटरमध्ये चालत नाही. आपल्या लेनच्या मधोमध राहायचं असतं. पंचांनी शिट्टी वाजवली, झेंडा दाखवला, मी माघारी आपल्या लेनमध्ये. मैत्रीची शर्यत म्हणून बाद केलं नाही.

वेळ आली ५ मिनिटं ५८ सेकंद, सातात सहावा. तुलना म्हणून सांगतो, पॅरिस ऑलिंपिकला याच अंतरावर चेकियाच्या जोसेफ दोस्तालनं ३ मिनिटं २४ सेकंदांत सुवर्ण घेतलं. म्हणजे तो पोचून, टॉवेलनं अंग पुसून, अर्धा कप चहा पिऊन झाल्यावर मी आलो असतो. पण सहा मिनिटांच्या आत आलो याचं कौतुक आमच्या पिकअपमध्ये टेंभुर्णीपर्यंत चाललं होतं.

दुपारी वेल्डिंगवाला आणि मी दोघांच्या नावेत, के-टूमध्ये, पाचशे मीटरला बसलो. पुढचा माणूस ताल धरतो आणि दिशा सांभाळतो, मागच्यानं डोळे झाकून त्याचा ताल पकडायचा. मी मागं. भोंगा वाजला, त्यानं उजवीकडं टाकलं, मी डावीकडं. उलटलो. शर्यतीतला आमचा एकूण प्रवास दीड मीटर असावा. काठावर पुण्याची मंडळी टाळ्या वाजवत होती, आणि खरं सांगतो, मला त्या दिवशीचं ते सगळ्यात जास्त आवडलं.

पोरांबद्दल थोडं. क्लबचा खरा जीव शाळेच्या मुलांत आहे, आणि तसंच असायला हवं. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दोघांच्या कॅनोमध्ये, म्हणजे एकाच पात्याच्या पॅडलनं चालवायच्या नावेत, हजार मीटरला कांस्य आणलं. त्याआधी या खेळातलं भारताचं आशियाई पदक थेट १९९४ चं, हिरोशिमाचं. ग्वाल्हेरची प्राची यादव पॅरा-कॅनोमध्ये, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या शर्यतीत, पॅरालिंपिकपर्यंत गेली. ही नावं सातवीतल्या त्या पोरीला पाठ आहेत, आणि ती मला हजार मीटरला चाळीस सेकंदांनी मागं टाकते. म्हणून चांगल्या नावा आधी मुलांना मिळाव्यात यावर माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की आम्हा मोठ्यांनाही तेवढीच फी आहे आणि आमच्या वाट्याला कायम चार नंबरची नाव येते.

चार नंबरबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. तिच्या बुडाला सीटच्या बरोबर खाली फायबरचं ठिगळ आहे, त्यावर दुसरं ठिगळ, आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपतं. वीस मिनिटांनी बूड ओलं, चाळीस मिनिटांनी आंघोळ. मी स्पंज बरोबर ठेवतो. रडरची वायर डाव्या बाजूला सैल आहे, म्हणून ती उजवीकडं ओढते. नव्या नावेवर बसल्यावर कळलं की मी इतके महिने डावीकडं जोर लावून सरळ जात होतो. पुण्याच्या शर्यतीत रडर जास्त का दाबला गेला, त्याचं उत्तर मला मार्चमध्ये मिळालं.

आणखी एक, नावेचं बुकिंग व्हॉट्सॲपवर रात्री नऊला सुरू होतं आणि नऊ वाजून दोन मिनिटांनी संपतं. दुकान साडेनऊला बंद होतं माझं. यावर काहीतरी वहीची, पाळीची व्यवस्था करा असं सुचवलंय.

स्वतःची नाव घ्यावी का, याचा विचार मी दोनदा केला. घरी बोललो तर बायकोनं एकच विचारलं, "सतरा फूट? तिसऱ्या मजल्यावर जिन्यातनं वळवणार कशी?" विषय संपला.

वजन आता ७९ आहे. पाठ दुखायची ती थांबली. दुकानात बसताना ताठ बसतो, गिऱ्हाईक म्हणतात शेठ रागावलेत काय. सकाळी सव्वापाचला अंधारात तळ्याकाठी पोचलं की पाण्यावर पातळ धुकं असतं, थंडीत पाणपक्षी असतात, आणि लांब मासेमारांच्या जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे दिसतात. ते दिसले की वळायचं. जाळ्यात रडर अडकला की सोडवताना मासेमार जे बोलतात ते इथं लिहिता येणार नाही.

आता एप्रिल संपत आलाय. काठ मागं सरकलाय, नाव खांद्यावर घेऊन चिखलातनं बरंच चालावं लागतं, चपला तिथंच राहतात. जून-जुलैत नवी बॅच सुरू होईल, यायचं असेल तर जुने बूट, स्वतःचं जॅकेट आणि स्पंज घेऊन या. मी पुढच्या वर्षाची फी परवाच भरली. फॉर्मवर "विशेष विनंती" असा एक रकाना असतो, त्यात लिहून दिलंय: चार नंबर सोडून कुठलीही.