अल्सासची वाईनची गावं पायी पायी: मार्च ते डिसेंबर चालल्यानंतरचा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीमुळे स्ट्रासबर्गला राहायला आलो, गाडी घ्यायची नाही हे आधीच ठरलेलं, त्यामुळे अल्सासमधली (म्हणजे फ्रान्सच्या पूर्वेचा, जर्मनीला लागून असलेला भाग) ती प्रसिद्ध वाईनची गावं बघायची तर ट्रेन, बस आणि आपले पाय एवढंच हातात होतं. मार्चमध्ये सुरू केलं आणि डिसेंबरपर्यंत जमेल त्या वीकेंडला चालत राहिलो. आधीच सांगते, माझ्याकडून पाचापैकी साडेचार. अर्धा मार्क रविवारच्या बससाठी कापलाय, त्यावर खाली येतेच.

तर ही गावं जोडणारा जो वाईन रूट आहे तो १९५३ साली सुरू झाला, उत्तरेला मार्लेनहाइमपासून दक्षिणेला थानपर्यंत साधारण १७० किमी, आणि तो आखलाय मुळात गाडीवाल्यांसाठी. आमचे बरेच ओळखीचे एका दिवसात पाच-सहा गावं उरकून येतात आणि मग फोटो दाखवताना कुठलं रिकवीर आणि कुठलं एगिसहाइम हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नाही. त्यांचाही दोष नाही हो, लाकडी चौकटीची रंगीत घरं, खिडकीत लाल जिरेनियम, छपरावर करकोच्याचं घरटं, खाली सुवेनियरचं दुकान, तिसऱ्या गावानंतर सगळं एकात एक मिसळतंच. पण ही गावं एकमेकांपासून दीड-दोन किमीवर आहेत, म्हणजे एका गावाच्या वेशीवरून पुढच्या गावाचं चर्च दिसतं, आणि खरी गंमत आहे ती या मधल्या दोन किमीत, जे गाडीतून तीन मिनिटांत संपतात.

सगळ्यात जास्त वेळा आम्ही जो पट्टा चाललो तो म्हणजे रिकवीर, मित्तेलवीर, बेनवीर, सिगोल्साइम, किन्त्झाइम, कायझर्सबेर्ग. आठ-नऊ किमी असेल, निवांत चाललं तर अर्धा दिवस. रिकवीर म्हणजे एकदम पोस्टकार्ड, १२९१ चा डोल्डर बुरूज अजून उभा, तटबंदीच्या आत सोळाव्या-सतराव्या शतकातली घरं जशीच्या तशी. तिथून द्राक्षाच्या मळ्यांतून खाली उतरलं की अर्ध्या तासात मित्तेलवीर येतं आणि एकदम काहीतरी वेगळं वाटायला लागतं, रस्ते रुंद, घरं साधी, प्लॅस्टर केलेली, जुनं असं फारसं काही नाहीच. बेनवीरला तर चर्चसुद्धा काँक्रीटचं, आधुनिक, आत रंगीत काचांचा भलामोठा पट्टा. पहिल्या वेळी नवरा म्हणाला, हे काय मध्येच टाउनशिप आल्यासारखं.

कारण असं आहे की १९४४ च्या डिसेंबरपासून १९४५ च्या फेब्रुवारीपर्यंत कोलमार या इथल्या शहराच्या आजूबाजूला जर्मन सैन्य अडून बसलं होतं, कोलमार पॉकेट म्हणतात त्याला, आणि त्या लढाईत मित्तेलवीर, बेनवीर, सिगोल्साइम, आमरश्वीर ही गावं जवळपास जमीनदोस्त झाली. रिकवीर वाचलं. अंतर किती, तर दोन किमी! गाडीवाले नेमके या गावांत थांबत नाहीत कारण फोटो काढण्यासारखं काही नाही, पण मला विचाराल तर रिकवीर नीट कळायचं असेल तर बेनवीरपर्यंत चालत जायलाच हवं. मित्तेलवीरला एक फुलांची भिंत आहे, जर्मन कब्जाच्या काळात गावकऱ्यांनी तिथे निळी, पांढरी आणि लाल फुलं लावली होती, म्हणजे फ्रान्सचा झेंडाच की. युद्ध संपल्यावर लोकांकडे घरं नाहीत, तळघरं नाहीत, पिंपं नाहीत, मग बेनवीर आणि सिगोल्साइमच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी वाईनरी काढल्या. सहकाराचं आपल्या लोकांना वेगळं काय सांगायचं.

सिगोल्साइमच्या वर टेकडीवर फ्रेंच सैनिकांचं स्मशान आहे, दीड हजारांहून जास्त कबरी, चारी बाजूंनी द्राक्षं. त्यात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम सैनिकांच्या कबरींचा वेगळा भाग आहे, ज्यूंच्या पण आहेत. चढ दमवतो थोडा पण वरून अख्खं मैदान दिसतं, कोलमार दिसतं, हवा साफ असेल तर पलीकडे जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्टही.

मग किन्त्झाइम, जिथे लोक फारसे जातच नाहीत. तिथल्या खालच्या वेशीवर एक दगडी मुंडकं आहे, लाली म्हणतात त्याला, हल्ला करायला येणाऱ्यांना जीभ काढून दाखवतंय. शेकडो वर्षं! माझ्या मते संपूर्ण रूटवरची सगळ्यात भारी वस्तू. आणि किन्त्झाइमच्या मागचा जो उतार आहे तो श्लॉसबेर्ग, अल्सासमधली सगळ्यात पहिली ग्रां क्रू (म्हणजे सर्वोच्च दर्जाची ठरवलेली) जमीन, १९७५ सालची. आता अशा ५१ आहेत.

जमिनीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण ही गोष्ट मला पायांनी शिकवली. अल्सासमध्ये दर थोड्या अंतरावर माती बदलते, डोंगर आणि मैदान यांच्या मधली जमीन खचून तुकडे तुकडे झाले त्यामुळे, हे पुस्तकात वाचून डोक्यावरून गेलं होतं. श्लॉसबेर्गवर ग्रॅनाइट आहे, बुटाखाली कुरकुर आवाज येतो, पाऊस पडून गेला तरी तासाभरात वाट कोरडी. तेच रिकवीरच्या मागे शोनेनबुर्गवर जा, तिथे चिकणमातीचा प्रकार, पावसानंतर प्रत्येक बुटाला अर्धा किलो चिखल चिकटतो आणि काठीने खरवडत बसावं लागतं. दोन्हीकडे रीसलिंग ही पांढऱ्या वाईनची द्राक्षंच लावलीत. आणि दोन्हीकडची वाईन प्यायलात तर फरक माझ्यासारख्या अडाणी माणसालाही कळतो, ग्रॅनाइटवरची लवकर मोकळी होते, सुवासिक, आणि शोनेनबुर्गची सुरुवातीला एकदम गप्प आणि भारदस्त, ती म्हणे वर्षानुवर्षं ठेवायची असते. आमच्याकडे काही राहिली नाही तेवढी.

वाट चुकायची भीती असेल तर काढून टाका. क्लब व्होजियां नावाची संस्था १८७२ पासून इथल्या व्होज डोंगरांत वाटांवर खुणा रंगवतेय, लाल पट्टी, पिवळा चौकट, निळा फुलीचा आकार वगैरे, झाडांवर, खांबांवर, घरांच्या कोपऱ्यांवर. एक खूण पकडायची आणि तीच धरून जायचं. मोबाईलमधलं एक लोकप्रिय ॲप (नाव घेत नाही) आम्हाला दोनदा कुणाच्या तरी वेलींच्या ओळींमधून घुसवायला निघालं होतं, तेव्हापासून रंगावरच विश्वास.

कधी जावं? मला मार्च सगळ्यात आवडला, हे ऐकून इथले लोक हसतात कारण तेव्हा वेलीला एक पान नसतं. पण छाटणीनंतर ठेवलेल्या काड्या कमानीसारख्या वाकवून तारेला बांधलेल्या दिसतात, ओळीच्या ओळी, आणि कापलेल्या टोकातून पाणी गळत असतं थेंब थेंब. माणसं कामात असतात, बोलतात पण. जुलै-ऑगस्ट दुपारी नको म्हणजे नकोच, मळ्यात सावलीचं नाव नाही आणि व्होज डोंगर पाऊस पलीकडेच अडवतो त्यामुळे कोलमारचा भाग फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी आहे. द्राक्षाला बरं, आपल्याला नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरला रंग सुंदर पण खुडणी चालू असते आणि तेव्हा बऱ्याच गावांत मळ्यातल्या वाटा लोकांसाठी बंद ठेवतात, पाटी लावलेली असते, ती पाळा. एखादा घड तोडून तोंडात टाकायचा मोह होतो, तोही नको, ते कुणाचं तरी पीक आहे. डिसेंबरला ख्रिसमस मार्केटसाठी रिकवीर, कायझर्सबेर्ग आणि एगिसहाइमला जी गर्दी होते ती बघून आम्ही गावात न शिरता वरूनच गेलो.

आता बसबद्दल. आठवड्याच्या दिवशी ठीक, रविवारी मोजक्याच, आणि सुट्टीच्या दिवशी वेगळं टाइमटेबल. एकदा तर स्टॉपवर लिहिलेली शेवटची बस आलीच नाही, अंधारात पुढच्या गावापर्यंत चालत जाऊन टॅक्सी करावी लागली आणि त्या पैशात तीन चांगल्या बाटल्या आल्या असत्या. म्हणून रविवारसाठी माझा सल्ला तुर्कहाइम, कारण तिथे रेल्वे स्टेशन आहे, कोलमारहून ट्रेन. तिथून नीडरमोर्शवीर (चर्चचा कळस पिळवटलेला आहे, मुद्दाम बघा), कात्झेनताल, आमरश्वीर आणि कायझर्सबेर्ग असं जाता येतं, नाहीतर अर्ध्यातून फिरून परत तुर्कहाइम. मे ते ऑक्टोबर असेल तर रात्री दहापर्यंत थांबा, झगा घातलेला पहारेकरी भाला-कंदील घेऊन गल्ल्यांमधून गाणी म्हणत फिरतो. टुरिस्टी आहे, पण लहान मुलं जाम खूश होतात.

उनावीर थोडक्यात: मळ्यांच्या मधोमध तटबंदी असलेलं चर्च, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघंही तेच वापरतात, रिकवीर ते रिबोविले चालताना वाटेतच लागतं, चुकवू नका. रिबोविलेच्या वर तीन किल्ले आहेत, तो मात्र जंगलातला खरा चढ, त्याला वेगळा दिवस ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारींनी फ्लामक्यूश (पातळ पिझ्झासारखा इथला पदार्थ) मागताना बेकन नको हे स्पष्ट सांगायचं, नाहीतर येतंच. दुपारी बारा ते दोन बरीच तळघरं आणि दुकानं बंद, तेव्हा डबा बरोबर असलेला बरा. टेस्टिंगला छोट्या शेतकऱ्याकडे जा, दारावरची घंटा वाजवायची, बोंजूर म्हणायचं, काय आवडतं ते सांगायचं. थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका, पुढे चालायचंय. प्यायल्यावर एखादी बाटली घेणं हा इथला रिवाज समजा, आणि भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास जाते, दोघांत चार घेतल्या की पाठ बोलायला लागते. आम्ही आता टेस्टिंग दिवसाच्या शेवटच्या गावातच ठेवतो, बसस्टॉपच्या जवळ.